आवाजाची तक्रार कोणाकडे आणि कशी करावी : नंदेसरी व बडोदे परिसरातील सभासदांसाठी माहिती

नवरात्र आणि लग्नसराई संपली की मंडळाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. पार्टी प्लॉटवर रात्री बारानंतरही डीजे चालू होता. घरात आजारी माणूस होते, म्हणून कुणी महानगरपालिकेत फोन केला. तिथून उत्तर आले, "हे आमच्याकडे येत नाही." मग ग्रामपंचायतीच्या सरपंचांना विचारले, तर ते म्हणाले, पोलिसांत जा. पोलीस ठाण्यात विचारणा झाली, "परवानगी त्यांनी घेतलीय, आम्ही काय करणार?" एवढ्यात पहाट झाली आणि डीजे आपोआप थांबला.

हे वर्षानुवर्षे असेच चालते, त्याचे मोठे कारण म्हणजे आपण चुकीच्या दारावर थाप मारतो आणि हातात कागद नसताना मारतो. कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. तो कोणाच्या हाती दिला आहे हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

कोणाच्या हातात काय

आवाजाबद्दलचा मुख्य कायदा म्हणजे केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली ते 14 फेब्रुवारी 2000 रोजी जाहीर झाले आणि गुजरात, महाराष्ट्र, सगळीकडे सारखेच लागू आहेत. या नियमांत 'प्राधिकारी' असा शब्द येतो. जिल्हा दंडाधिकारी (म्हणजे कलेक्टर), पोलीस आयुक्त, किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला नेमलेला अधिकारी, हे ते प्राधिकारी. परवानगी देणे, ती नाकारणे, चालू असलेला आवाज लेखी हुकूम काढून बंद करणे, हे अधिकार त्यांचे आहेत.

महानगरपालिका, ग्रामपंचायत, विकास प्राधिकरण या स्थानिक संस्थांवर नियमांनी टाकलेली जबाबदारी वेगळी आहे. नव्या वसाहती, रस्ते, बाजार, कारखाने यांची आखणी करताना आवाजाचा विचार करा, असे त्यांना सांगितले आहे. त्यामुळे खंडेराव मार्केटमधल्या कचेरीत फोन केल्यावर "आमच्याकडे येत नाही" असे उत्तर येते, ते टाळाटाळ वाटले तरी डीजेच्या बाबतीत पुष्कळ अंशी खरे असते. मात्र मैदान भाड्याने देणे, सभागृहाला परवाना देणे, बांधकामाला मंजुरी देणे या गोष्टी पालिकेकडे असतात. एखादे सभागृह वारंवार त्रास देत असेल, तर त्याच्या परवान्याच्या अटींबद्दल पालिकेत अर्ज करणे योग्य ठरते. चालू रात्रीच्या आवाजासाठी मात्र तिथे वेळ घालवू नये.

नंदेसरीची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. इथे गाव आहे, गावाची पंचायत आहे, आणि शेजारीच जीआयडीसीची औद्योगिक वसाहत आहे. ती अधिसूचित औद्योगिक क्षेत्र म्हणून वेगळी गणली जाते. वसाहतीतले रस्ते, दिवे, गटारे जीआयडीसीकडे, गावातले पंचायतीकडे. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कारभार, त्यामुळे तलाटी आणि जीआयडीसी कचेरी यांच्यात माणूस चेंडूसारखा फिरतो. ध्वनिक्षेपकाच्या तक्रारीसाठी ही हद्द शोधत बसण्याची गरज नाही. गावात असो वा वसाहतीत, ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आवाज होतो आहे तिथेच जायचे. कारखान्याच्या यंत्रांचा आवाज असेल तर वाट वेगळी आहे, ती पुढे सांगितली आहे.

पोलिसांना आणखी एक जुना अधिकार आहे. 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम द्विभाषिक मुंबई राज्य फुटल्यावर दोन्हीकडे राहिला. महाराष्ट्रात तो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम आणि इथे गुजरात पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम 38 प्रमाणे पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक एखाद्या जागेतले गाणे-वाजवणे, किंवा आवाज करणारा धंदा, आजूबाजूच्या लोकांना त्रास होत असल्यास लेखी हुकुमाने थांबवू शकतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक "आमच्याकडे असा कायदा आहे" म्हणून सांगतात, तेव्हा तो आपल्याकडेही आहे हे लक्षात ठेवावे.

दिवस, रात्र आणि डेसिबल

नियमांप्रमाणे दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10, आणि रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. आवाजाच्या कमाल मर्यादा विभागवार अशा आहेत :

औद्योगिक विभाग : दिवसा 75, रात्री 70 डेसिबल
व्यापारी विभाग : दिवसा 65, रात्री 55
निवासी विभाग : दिवसा 55, रात्री 45
शांतता क्षेत्र : दिवसा 50, रात्री 40

हे आकडे काही काळाच्या सरासरीचे आहेत, एखाद्या क्षणाचे नव्हेत. डेसिबलची मोजणीही साधी नसते. 10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून "पाच-दहाच डेसिबल जास्त आहे" हे वाक्य ऐकून गप्प बसू नये.

ध्वनिक्षेपकासाठी याशिवाय वेगळी अट आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याचा आवाज त्या विभागाच्या मर्यादेहून 10 डेसिबलपेक्षा जास्त, किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भागात दिवसा याचा अर्थ 65 होतो. खाजगी जागेतली ध्वनियंत्रणा असेल तर तिच्या कुंपणावर फक्त 5 डेसिबलची सूट आहे, म्हणजे दिवसा 60 आणि रात्री 50. परवानगी मिळाली म्हणजे कितीही मोठा आवाज करता येतो, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. परवानगीचा कागद ध्वनिक्षेपक लावण्याचा असतो. या मर्यादा तो घेतल्यानंतरही कायम राहतात.

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावताच येत नाही. बंद सभागृह, परिषदगृह, मेजवानीचा हॉल यांच्या आत, तेथील लोकांपुरता चालतो, आणि सार्वजनिक संकटकाळात चालतो. पार्टी प्लॉट हे बंद सभागृह नव्हे. चारी बाजूंनी कापडी मांडव घातला तरी ते उघडेच.

सणांसाठी सवलत आहे. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी, राज्य सरकार रात्री 10 ते 12 ध्वनिक्षेपकाला मुभा देऊ शकते. हे दिवस कोणते, ते आधी जाहीर करावे लागतात. नवरात्रीत बारापर्यंत गरबा चालतो तो याच तरतुदीमुळे. बारानंतर ही तरतूद संपते, आणि लग्नाच्या वरघोड्याला ती मुळातच लागू नाही. लोक इथे एक गोष्ट विसरतात : सवलत वेळेची आहे, मोठ्या आवाजाची नाही.

फटाक्यांना निराळी मर्यादा आहे, फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबल. निवासी भागात रात्री गाडीचा हॉर्न वाजवणेही, आणीबाणी सोडून, मना आहे. हमरस्त्यावरून वसाहतीत वळणारे टँकर हे मानतात असा अनुभव नाही. पण वाहतूक पोलिसांकडे वाहन क्रमांकासह तक्रार करता येते, कारण बहुसुरी कर्कश हॉर्न मोटार वाहन नियमांतही बंद आहेत.

रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवतीच्या किमान 100 मीटर भागाला शांतता क्षेत्र म्हणतात. 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे जाहीर केलेले असणे आवश्यक ठरले. म्हणून अर्जात नुसते "शेजारी दवाखाना आहे" असे न लिहिता ते क्षेत्र जाहीर झालेले आहे का, हे आधी कलेक्टर कचेरीत विचारून घ्यावे.

रात्रपाळीवाल्यांची रात्र

नंदेसरी, रणोली, कोयली या पट्ट्यात आपली पुष्कळ माणसे पाळ्यांत काम करतात. सकाळी सातला पाळी संपवून माणूस घरी येतो, आठ वाजता अंथरुणावर पडतो, आणि दहा वाजता समोरच्या घरी साखरपुड्याचे स्पीकर सुरू होतात. रासायनिक कारखान्यात झडपा आणि तापमान सांभाळणाऱ्या ऑपरेटरची झोप अर्धी झाली तर त्याचा परिणाम त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. कायद्यातली रात्र दहा ते सहाच आहे. दिवसा झोपणाऱ्याचा त्यात वेगळा विचार केलेला नाही. ही उणीवच म्हणावी लागेल.

तरीही दिवसाच्या मर्यादा आहेतच. निवासी भागात खाजगी घराच्या कुंपणावर 60, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर 65. डीजेच्या भिंती या आकड्यांच्या जवळपासही नसतात. दिवसाच्या तक्रारीत हेच आकडे लिहावेत, "माझी झोपमोड होते" एवढे लिहून भागत नाही. सोसायटीत राहत असाल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊन "काका, माझी रात्रपाळी चालू आहे, स्पीकरचे तोंड जरा दुसरीकडे कराल का" एवढे सांगून बघावे. दहापैकी सहा-सात वेळा ऐकतात. उरलेल्या वेळांसाठी पुढचा भाग.

तक्रार प्रत्यक्ष कशी करावी

नियम 7 मध्ये तक्रारीची दोन कारणे दिली आहेत. एक, आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा जास्त असणे. दुसरे, रात्रीच्या बंदीचा भंग होणे. हे दुसरे कारण आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालू आहे, एवढेच दाखवायचे असते. किती डेसिबल, ते मोजायची गरज नाही. "मीटर नाही, मोजणार कसे" असे ठाण्यात कुणी म्हणाले, तर हा नियम शांतपणे सांगावा.

आवाज चालू असतानाच 100 किंवा 112 क्रमांकावर फोन करावा. फोनची वेळ, ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांचे नाव किंवा बक्कल क्रमांक, गाडी आली का आणि किती वाजता, हे वहीत लिहून ठेवावे. खिडकीतून एक-दोन मिनिटांचे चित्रण करावे. त्यात घड्याळ किंवा फोनवरची वेळ दिसावी, आणि जागा ओळखू यावी. मोबाइलवरची डेसिबल मोजणारी ॲपे अंदाजासाठी ठीक आहेत, पुरावा म्हणून त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नये. प्रत्येक फोनमधला माइक वेगळा असतो.

दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्यावा. फोनवरच्या तक्रारीची नोंद राहीलच असे नाही, अर्जाची पोच मात्र राहते. अर्ज शक्यतो गुजरातीत लिहावा. ठाण्यातल्या ज्या जमादाराच्या हातात तो जाणार, त्याला तो चटकन वाचता यायला हवा. आपल्या घरातली शाळेत जाणारी मुले गुजराती आपल्यापेक्षा चांगली लिहितात, त्यांची मदत घ्यावी. मजकूर साधारण असा असावा :

"प्रति, पोलीस निरीक्षक, … पोलीस ठाणे. विषय : रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक वापरल्याबद्दल. महोदय, दि. … रोजी … या उघड्या जागेत रात्री 10.00 नंतर … वाजेपर्यंत ध्वनिक्षेपक चालू होता. ही जागा आमच्या सोसायटीपासून अंदाजे … मीटरवर आहे. … वाजता आम्ही 112 वर कळवले. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मधील नियम 5 चा हा भंग आहे. नियम 7 अन्वये ही तक्रार आहे. कृपया कारवाई करून लेखी कळवावे. यापूर्वीच्या तारखा : … सोबत : चित्रण, रहिवाशांच्या सह्या."

अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून परत घ्यावी. एक प्रत उपअधीक्षक किंवा आयुक्त कचेरीला पाठवावी, कारण 'प्राधिकारी' तेथे आहेत, ठाण्यात नाहीत. एकट्याच्या सहीपेक्षा आठ-दहा घरांच्या सह्या बऱ्या. वजन येते आणि एकाच घराशी वाकडे येत नाही.

वाकडे येण्याची ही भीती खरी आहे. शेजाऱ्याचे नाव पोलिसांनी आयोजकाला सांगितले आणि मग सहा महिने बोलचाल बंद, असे प्रकार होतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर निकाल देताना तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये अशी काळजी घेतली होती. जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवासी संघटनांच्या याचिकेवरही त्याच न्यायालयाने पोलिसांना तसेच सांगितले. हे निकाल महाराष्ट्रातले आहेत, गुजरातच्या पोलिसांवर थेट बंधनकारक नाहीत. पण अर्जात "माझे नाव आयोजकांना कळवू नये" अशी ओळ लिहून त्यांचा आधार देता येतो.

कारखान्याचा आवाज

इथे पोलिसांऐवजी गुजरात प्रदूषण नियंत्रण बोर्ड, म्हणजे जीपीसीबी. हवा प्रदूषण कायद्यात 1987 पासून आवाजाचाही समावेश आहे. प्रत्येक कारखान्याला बोर्डाकडून एकत्रित मंजुरीपत्र घ्यावे लागते, आणि त्यात आवाजाच्या मर्यादेची अट असते. कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवरचे पंखे, मध्यरात्री सोडलेली वाफ यांपैकी काय आहे, रोज किती वाजता सुरू होते, किती वेळ चालते, याची आठ-दहा दिवसांची नोंद करून बोर्डाच्या बडोदे येथील प्रादेशिक कचेरीत द्यावी. डिझेल जनरेटर असेल तर 1000 केव्हीएपर्यंतच्या संचाचा आवाज त्याच्या आवरणापासून 1 मीटरवर 75 डेसिबलच्या आत असावा लागतो.

बोर्डाचा माणूस मोजायला येतो तो बहुधा दिवसा. म्हणून रात्रीच मोजणी करावी, अशी मागणी अर्जात स्पष्ट लिहावी. घर औद्योगिक हद्दीत पडते की निवासी, यावरही पुष्कळ अवलंबून असते. रात्रीच्या 45 आणि 70 मधला फरक लहान नाही.

कारखान्याच्या भोंग्याबद्दल मात्र तक्रार करू नये. 2 जून 2022 रोजी नंदेसरीतील एका रसायन कारखान्यात मोठी आग लागली आणि जवळच्या वस्तीतील शेकडो लोकांना हलवावे लागले. त्या वेळी इथे असलेल्या कुणालाही भोंगा का हवा, हे सांगावे लागणार नाही. तो कसा वाजला तर बाहेर पडायचे, हे घरातल्या मुलांना माहीत असावे.

कारवाई झाली नाही तर

महिनाभर वाट पाहून माहिती अधिकाराखाली तीन गोष्टी मागाव्यात : त्या कार्यक्रमाला दिलेल्या ध्वनिक्षेपक परवानगीची प्रत, आपल्या तक्रारीवर झालेल्या कारवाईची नोंद, आणि त्या वर्षी सवलतीचे म्हणून जाहीर झालेल्या दिवसांची यादी. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. पुष्कळदा परवानगी घेतलेलीच नसते, किंवा तिच्यात दहा वाजेपर्यंतच असे लिहिलेले असते. तो कागद हाती आला की पुढच्या वेळचे बोलणे वेगळे होते.

त्यानंतर गुजरात सरकारचा 2003 पासून चालू असलेला 'स्वागत' तक्रार कार्यक्रम आहे. तो तालुका आणि जिल्हा पातळीवरही भरतो, आणि तिथे अधिकाऱ्याला समोरासमोर उत्तर द्यावे लागते. एखाद्या जागेचा त्रास कायमचाच असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम 133 होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 मध्ये सार्वजनिक उपद्रवासाठी 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. ही रक्कम डीजेवाल्याच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे काहीच नाही, म्हणून दंडापेक्षा यंत्रणा बंद करण्याचा हुकूम मागावा.

सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य निकाल 18 जुलै 2005 चा आहे. त्यामागची एक याचिका दिल्लीतील घटनेनंतर दाखल झाली होती. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत असताना तिचा आक्रोश शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात कुणाला ऐकूच आला नव्हता. आवाजाची तक्रार म्हणजे कुणाच्या आनंदात बिब्बा घालणे, असे म्हणणाऱ्यांना हे सांगावे.

आपल्या मांडवाबद्दल

आता थोडे आपल्याकडे वळू. बडोद्यात गणेशोत्सव ही आपल्या समाजाची ओळख आहे, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाऐवजी डीजेच्या भिंती आणणाऱ्यांत आपली मुलेही आहेत. ज्या नियमांच्या आधारे आपण पार्टी प्लॉटवाल्याची तक्रार करतो, तेच नियम आपल्या मांडवालाही लागू आहेत. ढोल-ताशालाही सूट नाही. 'ध्वनी निर्माण करणारे वाद्य' असा शब्द नियमांत आहे, आणि रात्री उघड्यावर ते वाजवण्यास बंदी आहे.

म्हणून उत्सव समितीने ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी वेळेत काढावी आणि तिची प्रत मांडवात सर्वांना दिसेल अशी लावावी. स्पीकरची तोंडे श्रोत्यांकडे व खाली झुकती ठेवावीत, रस्त्याकडे नकोत. मांडवाच्या हद्दीवर आवाज तपासण्याचे काम एका माणसाकडे द्यावे, आणि आवाज कमी करण्याचा अधिकारही त्याच माणसाला असावा, डीजेवाल्याला नसावा. आरती पावणेदहापूर्वी संपेल अशी वेळ ठरवावी. मांडवाशेजारच्या घरांत कोण आजारी आहे, कुणाची बारावीची परीक्षा आहे, कुणाची रात्रपाळी चालू आहे, याची चौकशी वर्गणी मागायला जातानाच करावी. त्या घरांना समितीतल्या एकाचा फोन क्रमांक देऊन ठेवावा, म्हणजे त्यांना 112 लावण्याआधी आपल्याला फोन करता येईल.